कणीक लावलेला वूफर

मी एक वूफर बोलतोय. बारा इंची, काळा, जाडजूड. माझा आवाज खर्जातला आहे, तेव्हा कान टवकारून काही होणार नाही. जवळ या, खोक्यावर हात ठेवा आणि गप्प बसा. मधे मधे बोललेलं मला खपत नाही.

शाळा मी पाहिलेली नाही. माझा जन्म घाटकोपरला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी सांगाडा, पाठीला जड लोहचुंबक आणि तोंड कागदाचं. होय, कागदाचंच. लोक माझा आकार बघून दचकतात, पण चेहरा कागदी. माणसांतही असे पुष्कळ बघितलेत मी. शेडमधल्या बायका आमच्या तोंडाला डिंक लावता लावता आपापल्या सासवांबद्दल बोलत. माझ्यावर झालेले संस्कार ते एवढेच.

शेजारच्या टेबलावर ट्विटर बनत. बोटभर जीव, जन्मल्याबरोबर चिवचिवाट. बारीक आवाज त्यांचा, जाड माझा, वाटणी ठरलेली. पण गाणं चांगलं वाजलं की लोक म्हणतात, ‘काय क्लिअर आहे यार’, ते ट्विटरला. मला म्हणतात, ‘जरा कमी कर, शेजारचे येतील.’

तिथून मी अंधेरीला श्यामसुंदरच्या दुकानात आलो. गाड्यांत टेप नि स्पीकर बसवून द्यायचं दुकान. श्यामसुंदरचं पोट माझ्यासारखंच पुढे. इंग्रजी कॅटलॉगात माझ्या जातीला सबवूफर म्हणतात म्हणे. तो शब्द श्यामसुंदर फक्त सूटबूटवाल्यांपुढे काढायचा. बाकीच्यांना म्हणायचा, ‘ये बडावाला.’

गिऱ्हाईक वूफर कसा निवडतं ते मी फळीवर बसून बघितलं. एक जण बोटाने टकटक करायचा, कलिंगड घेतल्यासारखं. दुसरा उचलून वजन बघायचा. तिसरा बायकोला घेऊन यायचा आणि ती म्हणायची, ‘त्यापेक्षा सीटकव्हरं घ्या.’ प्रत्येकाच्या खिशात स्वतःची कॅसेट, आणि तिच्यातलाही तेवढाच तुकडा वाजवायचा, जिथे ढोल येतो. अख्खं गाणं कोणी ऐकलं नाही.

आणि ते वॉट. ‘कितने वॉट का है?’ एवढं विचारलं की आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं. श्यामसुंदर माणसाचं तोंड बघून आकडा सांगायचा. माणूस खूश होऊन मान डोलवायचा. वॉट म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

माझ्या समोर काचेच्या कपाटात एक अँप्लिफायर असायचा. परदेशी, अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पुढे लाल दिवा. मला म्हणायचा, ‘मी ताकद दिली तर तू वूफर. नाहीतर टोपलं.’ खरंच होतं ते. म्हणून जास्त राग यायचा.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात जयवंत दुकानात आला, वडिलांना घेऊन. जयवंत घाटकोपरला भटवाडीत राहायचा. जुनी फियाट होती त्याची. लग्नाला, नाहीतर गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंगच्या माणसांना ने-आण करायला ती भाड्याने द्यायचा आणि चालवायचा स्वतःच. गिऱ्हाईक गाडीचं इंजिन विचारत नाही, विचारतं, ‘टेप आहे?’ म्हणून तो आला होता.

वडिलांचं नाव काशीराम. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मूळचे देवगडकडचे. उभा जन्म परळच्या गिरणीत साचेखात्यात गेलेला. साचा म्हणजे माग. एका छपराखाली ओळीने माग, सगळे एकदम खडाखडा. आता गिरणी बंद आणि आबा घरी.

“हे बघ जयवंत,” श्यामसुंदर म्हणाला, “छह इंच का स्पीकर. पीछे शेल्फ पे बैठेगा, डिकी खाली रहेगी. साथ में छोटा बूस्टर. झकास.”

जयवंतला पटलं होतं. पण आबा फळीपाशी गेले होते आणि वाजणाऱ्या एकेका स्पीकरवर पंजा टेकवून बघत होते, आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं. माझ्यापाशी आले. श्यामसुंदरने माझ्यात आवाज सोडला. आबांनी डोळे मिटले. ऐकणारा माणूस मान हलवतो. आबांची मान जागच्या जागी आणि बोटं माझ्या कागदावर नाचत होती. हा माणूस मला कानाने ऐकत नव्हता, हाताने शोधत होता. मला तेव्हाच कळलं, ह्याचे कान साचेखात्यात राहिलेत.

“माका ह्योच व्हयो,” आबा म्हणाले.

जयवंत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. “आबा, डिकी भरेल ह्याने. पाहुण्यांच्या बॅगा कुठे ठेवू?”

“टपार. कॅरिअर कित्याक आसा?”

“आणि आवाज? लोक बहिरे होतील.”

“होऊंदेत. गप तरी बसतीत.”

श्यामसुंदर खूश. “अंकल के पास कान है,” तो म्हणाला. “शौकीन आदमी.”

मी हसणार होतो, पण वूफर हसला तर दुकानातल्या काचा हलतात.

श्यामसुंदर पुढे म्हणाला, की एवढ्या मोठ्या वूफरला छोटा बूस्टर, म्हणजे चिल्लर अँप्लिफायर, लावला तर तो ओरडून ओरडून मरेल आणि मरताना वूफरलाही फाडेल. बैल दांडगा आणि गाडीवान शेंबडा, असं चालत नाही. म्हणून काचेचं कपाट उघडलं आणि तो लाल दिव्याचा शहाणा माझ्याबरोबर निघाला. जयवंत वैतागला होता. बापाला नाही म्हणता येत नाही, ही त्याची जुनी तक्रार.

मला खोक्यात बसवून डिकीत टाकलं. डिकी आणि मागची सीट ह्यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याच्याशी माझी पाठ आणि आबांची पाठ. मी धुम्म केलं की फियाटचे पुढचे दिवे मिचमिचायचे आणि मागची नंबरप्लेट थरथरायची. गाडी रिकामी असली की आबा मागे येऊन बसायचे, शेठसारखे, पाठ सीटला दाबून.

“लोक मला तुमचा ड्रायव्हर समजतात,” जयवंत एकदा सिग्नलला मान वळवून म्हणाला.

“मगे काय आसस?”

आबांची कॅसेट एकच. लवूबुवांच्या भजनाची. बुवा त्याच वस्तीतले, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. कोणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेली कॅसेट. मधे खोकला आणि एका बाईचं ‘चहा घ्या’ पण होतं. त्यात पखवाज वाजवत होते स्वतः आबा. जयवंतला पाठीमागून ते रोज ऐकावं लागे. पण आबा ते पाठीने ऐकत. बोटं मांडीवर पडत आणि सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, अचूक धरत.

एके दिवशी लवूबुवा स्वतः गाडीत येऊन आबांच्या शेजारी बसले.

“काशा,” ते म्हणाले, “गणपतीत गोवंडीच्या मंडळाबरोबर डबलबारी ठरली. समोरासमोर भजन. पखवाजाक तू बस.”

“तुमच्या मंडळाचो सूर गेलो.”

“कधीपासून?”

“माइक घेतलास तेव्हापासून. तोंड लपवन गातंस.”

“गेल्या वर्षी सम चुकलस तू आणि खापर माइकार?” बुवा उतरले. “तू नाय बसलस तर मी भांडुपच्या पोराक सांगतंय. मगे पुन्हा विचारूचंय नाय.”

दार आपटून गेले. सगळ्यांना वाटलं आमचा आबा म्हातारा खवचट आहे. खवचट होताच, पण तोंड लपतं हे त्याने सरळ सांगितलं होतं. साचेखात्यात ओरडून कोणाला ऐकू जात नाही, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आबा वर्षानुवर्षं बुवांच्या ओठांवर वाजवत आले. घरातही ओठांवरच चाललं होतं, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. मग मंडळाने माइक घेतला, बुवांचं तोंड त्या लोखंडी जांभळामागे गेलं आणि भर बारीत आबांची सम हुकली. त्या दिवसापासून पखवाज गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. आता गणपतीला नाही बसले तर तो कायमचा माळ्यावर. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला. आम्ही दोघेही कोणाला सांगणाऱ्यांतले नाही.

आबांच्या मनात काय होतं ते मला त्यांच्या पाठीवरून समजायचं. कॅसेटवर हात बसला तर बारीला बसायचं. पण कॅसेटमधला पखवाज त्यांना पोकळ वाटायचा, विशेषतः धुम. धुम म्हणजे पखवाजाची डावी बाजू. वाजवायच्या आधी तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा ती खोल घुमते. सगळ्या पखवाजवाल्यांना हे ठाऊक असतं. मग आबांनी जे केलं ते जगात फक्त पखवाजवालाच करेल.

दुपारची वेळ. जयवंतची बायको सुलक्षणा कणीक मळून शेजारी गेली होती. आबा परातीतला गोळा घेऊन खाली आले, डिकी उघडली आणि अंगठ्याने दाबत दाबत तो माझ्या तोंडावर थापला. मधोमध, गोल. मी अंधेरीच्या दुकानातून आलेला, कॅटलॉगात नाव असलेला वूफर. ह्या माणसाने माझं पोळपाट केलं.

अँप्लिफायरचा लाल दिवा हसून हसून लुकलुकत होता.

पण खोटं कशाला बोलू. तोंड जड झालं आणि माझा आवाज आणखी खाली गेला. इतका खाली मी आजवर गेलो नव्हतो. आबा आत जाऊन बसले, धुम त्यांच्या पाठीच्या कण्यात उतरला आणि त्यांच्या घशातून ‘हां’ निघालं. गिरणी सुटल्यावर माणूस करतो तसलं.

वाजवून झालं की पखवाजवाला कणीक लगेच खरवडून काढतो. आबाही काढणार होते. तेवढ्यात जयवंत आला. बोरिवलीचं लग्न होतं, मग तिथूनच वऱ्हाड घेऊन नाशिक. आबांना उतरवलं आणि निघाला. आबा रस्त्यात हात हलवत ‘अरे रव, रव’, थांब थांब म्हणत राहिले. आरशात बघून जयवंतला वाटलं, बाप टाटा करतोय.

बॅगा टपावर, त्यामुळे डिकी उघडायला कोणाला कारणच नव्हतं. नवरदेवाने विचारलं, “मागे म्हैस बांधलीय का?” नाशिकपर्यंत कणीक वाळली, तडकली, आणि माझं तोंड वीट बांधल्यासारखं झालं. लग्नघरामागे गाडी उभी होती तेव्हा गंजलेल्या पत्र्याच्या भोकातून उंदीर आत शिरला. गणपती यायला अवकाश होता, वाहन आधी येऊन गेलं. त्याने कणीक खाल्ली आणि तिच्याबरोबर माझा कागदही.

जयवंत घरी आला, टेप लावला. मी फर्रर्र केलं. त्याने डिकी उघडली आणि सुलक्षणाला हाक मारली.

सुलक्षणाने वाकून चिमटीत एक तुकडा घेतला. “ही माझी कणीक. तरी म्हटलं, त्या दिवशी पोळ्या कमी कशा पडल्या.”

घरात कणीक चोरणारा एकच. दुसऱ्या दिवशी जयवंतने आबांना मागच्या सीटवर बसवलं, सुलक्षणाला पुढे घेतलं आणि गाडी अंधेरीला काढली. समोर रस्त्याकडे बघत, चाक धरून, जयवंत सगळ्या वाटेने बोलत होता. टपावर बॅगा ठेवून पाठ गेली माझी. लग्नात अब्रू गेली. तुम्हाला घेऊन दिला तुमच्या मनासारखा, तर त्याची वाट लावलीत. आणि वर एक शब्द नाही. मागे आबा खिडकीतून बाहेर बघत मजेत बसलेले.

“आबा, मी तुमच्याशी बोलतोय.”

आबा म्हणाले, “साकीनाक्याक दुकाना वाढली.”

“बघ,” जयवंत बायकोला म्हणाला. “बघ ह्यांचा माज.”

सुलक्षणा मात्र मागे वळून आबांकडे बघत होती. पाठमोऱ्या आबांना चहा विचारला की कधीच उत्तर यायचं नाही. ती त्याला सासरेपणा समजायची.

“गाडी बाजूला घे,” ती म्हणाली.

जयवंतने गाडी थांबवली. सुलक्षणा सीटवर गुडघे टेकून आबांच्या समोर झाली आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून तिने विचारलं: आबा, कणीक का लावलीत?

“धुम खोल लागत नव्हतो,” आबा म्हणाले.

मग त्यांनी त्या दोघांचे चेहरे बघितले. काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले आणि नखांकडे बघत बसले.

“कधीपासून?” आबांनी वर बघितलं तेव्हा जयवंतनेही मान वळवली होती.

“साचे बंद झाले तेव्हा वाटला, शांत झाला. मगे कळला, सगळाच शांत झाला.” मग म्हणाले, “लवूचा तोंड दिसा तवसर चालला. माइक आयलो, तोंड गेला.”

“मग सांगायचं ना बुवांना.”

“काय सांगू? पखवाजवालो बहिरो? गोवंडीवाले हसान मरतीत. कोणाक सांगशात तर बघा.”

जयवंतने गाडी सुरू केली. अंधेरीपर्यंत नाकपुड्या फुगवून चालवली.

श्यामसुंदरने मला बाहेर काढलं. “ये चपाती किसने चिपकाया?”

त्याने भोकावर कापडाचं ठिगळ मारलं, डिंक लावला आणि बजावलं, चालेल, पण जोरात नाही.

त्याच संध्याकाळी आबांनी माळ्यावरून पखवाज काढायला सांगितला आणि बुवांना निरोप धाडला, भांडुपचा पोरगा नको, मी बसतो.

गणपतीत मंडपामागे जयवंतने फियाट उभी केली. माझं खोकं डिकीतून काढून थेट आबांच्या पाठीमागे आणून ठेवलं. मंडपाच्या माइकची एक वायर माझ्या अँप्लिफायरला, आणि अँप्लिफायर गाडीच्या बॅटरीला. ही अक्कल जयवंतची. बुवांचा आवाज माझ्यातून आबांच्या पाठीत जावा असा बेत.

“ह्या काय?” लवूबुवा म्हणाले. “टेकाक लोड हाडलस?”

“म्हातारो झालंय. पाठ दुखता.”

“नखऱ्याचो मेलो,” म्हणून बुवांनी पेटी ओढली.

आधी गोवंडीचं मंडळ गायलं. चांगलं गायलं, वाईट वाटावं इतकं. त्यांचा पखवाजवाला तरणा होता आणि मधून मधून आबांकडे बघून हसत होता. मग आमची बारी. आबांनी धुमाला कणीक थापली, ह्या वेळी योग्य ठिकाणी. मी ठिगळ सांभाळून, जपून जपून बुवांचा आवाज त्यांच्या पाठीला पोचवत होतो. अभंग नीट गेला. आबांची पाठ सैल झाली.

मग आला गजर. बुवांनी लय चढवली, झांजवाले पेटले, बुवांनी वरचा सूर लावला आणि माझं ठिगळ उसवलं. फर्र. मग तेही नाही.

आबांची पाठ माझ्या खोक्याला टेकलेली होती आणि तिच्यात काहीच जात नव्हतं. मला त्यांचा कणा ताठ झालेला जाणवला. हात वाजत होते, पण सवयीने. मान बुवांकडे वळली. बुवांच्या तोंडापुढे माइक. गोवंडीचा तरणा पुढे सरकून बघायला लागला. सम येत होती आणि आबांना ती दिसत नव्हती.

बायकांच्या बाजूने सुलक्षणा उठली. उदबत्ती सरळ करायला निघाल्यासारखी झांजवाल्यांच्या मधून आली, बुवांपाशी थांबली आणि माइकचा दांडा धरून बाजूला ढकलला. सरळ ढकलला. बुवांनी असे डोळे केले की दुसरी कोणी असती तर पळाली असती. पण गाता गाता शिव्या देता येत नाहीत. तोंड उघडं पडलं, ओळ पुरी झाली, आणि आबांचा पंजा धुमावर पडला, जिथे पडायचा तिथेच. तो धक्का पखवाजातून त्यांच्या अंगात आणि पाठीतून माझ्या खोक्यात आला. जन्मभर मी लोकांना हादरवलं, त्या दिवशी मला कोणीतरी हादरवलं.

गजर तसाच संपला, बिनमाइकचा. मागच्या रांगेला कमी ऐकू आलं असेल. त्यांनी लवकर येऊन पुढे बसायला हवं होतं.

बारी संपल्यावर बुवा आले. “सुनबाय, माइक कित्याक ढकललस?”

सुलक्षणाने आबांकडे बघितलं. आबांनी मान फिरवली नाही, हो पण म्हणाले नाहीत.

“आबांना तुमचं तोंड बघायचं होतं,” ती म्हणाली.

बुवा आधी हसणार होते. मग त्यांची नजर माझ्या खोक्यावर, वायरीवर, आबांच्या पाठीवर गेली आणि तिथेच राहिली. ते आबांच्या पुढ्यात मांडी घालून बसले. तोंड अगदी समोर आणलं.

“काशा,” ते म्हणाले, सावकाश, एकेक अक्षर दाखवत, “गाढव आसस तू.”

“सावकाश बोलू नको,” आबा म्हणाले. “बहिरो आसंय, खुळो नाय.”

बारी कोण जिंकलं ते विचारू नका. डबलबारीत दोन्ही मंडळं आपणच जिंकलो म्हणून घरी जातात. त्यानंतर बुवांनी माइक गळ्याशी खाली बांधायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर म्हणायचे, तोंडाशी धरला की थुंकी उडते.

माझं काय? मला पुन्हा कोणी शिवलं नाही. जयवंतने फियाटमध्ये शेवटी ते सहा इंची बसवले, जे त्याला पहिल्यापासून हवे होते. डिकीत आता बॅगा मावतात. तो अँप्लिफायर तिथेच आहे, लाल दिवा लावून त्या चिमुरड्यांना ज्ञान शिकवत असेल. मी भटवाडीच्या खोलीत भिंतीला लागून बसतो. तोंडाला भोक, आत लोहचुंबक. सुलक्षणाच्या टाचण्या हरवल्या की सापडतात माझ्यापाशीच.

आबा माझ्यावर बसून पखवाजाचा हात करतात. कणीक आता चोरत नाहीत, मागून घेतात, आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढतात. शिकले म्हणायचे.

तुम्ही वूफर घ्यायला निघाला असाल तर वॉट विचारत बसू नका. कोणाच्या पाठीमागे तो वाजणार आहे ते आधी बघा. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारा हल्ली उत्तर देत नसेल तर आवाज चढवू नका. ते काम माझं होतं आणि मलाही ते जमलं नाही. त्याच्या समोर जाऊन बसा. तोंड दाखवा.

झालं सांगून. आता खोक्यावरचा हात काढा. सुलक्षणा परात घेऊन येतेय, तिला कणीक मळायला हीच उंची बरी पडते.